इशारे वाचणारे देशकर

आमच्या संगणक विभागात इशारे वाचणारा एकच माणूस होता. बाकी आम्ही सगळे इशारे बघायचो. बघणं आणि वाचणं यातला फरक, जिने नवऱ्याच्या हाती बाजाराची यादी दिली आहे तिला मी सांगायला नको.

प्रोग्राम लिहून झाला की तो आधी कंपायलर नावाच्या तपासनिसाकडे जातो. त्याला चूक सापडली तर तो लाल अक्षरांत ओरडतो आणि काम तिथेच थांबतं. पण कधी कधी तो पिवळ्या अक्षरांत नुसता पुटपुटतो. म्हणजे, करताय ते करा, पण याची खात्री मी देत नाही. हा झाला इशारा. इशारा असला तरी प्रोग्राम चालतो, आणि चाललंय ना, मग कशाला हात लावा, हे तर आमच्या सरकारी कारखान्याचं ब्रीदवाक्यच. देशकर साहेब मात्र चष्मा कपाळावर सारून, नाक पडद्याला टेकवून एकेक पिवळी ओळ वाचायचे. वाचताना ओठ हलायचे. "देशकरांची पोथी चालू आहे," असं आम्ही म्हणायचो आणि चहाला जायचो.

मी पुण्याची. नवऱ्याची नोकरी भोपाळच्या या कारखान्यात, म्हणून मी टाउनशिपमध्ये आले आणि पुढे संगणक विभागात लागले. पहिल्याच दिवशी हे गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काय करून राहिल्या, लेलेबाई?" मला वाटलं, हा माणूस माझी टिंगल करतोय. नंतर कळलं, मूळ नागपूरचे. राज्य सरकारच्या कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा वडील त्यांच्याबरोबर आले आणि टी. टी. नगरात राहिले. लेकाचं सगळं आयुष्य भोपाळात गेलं, तरी घरातली बोली तशीच राहिली आणि वरून हिंदीचं वरण. "बाई, थोडं ॲडजस्ट करून घ्या, मशीन गरम होऊन राहिलं" हे वाक्य पचवायला मला वर्ष लागलं असेल. पुढे मीच पुण्याला जाऊन 'का?'च्या जागी "काहून?" म्हणाले आणि सासूबाईंनी हात जोडले.

अंगकाठी किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, दिवाळी ते होळी बिनबाह्यांचं तेच एक तपकिरी स्वेटर. लग्न केलेलं नव्हतं. जेवणाचा भोंगा वाजला की स्कूटर काढून क्वार्टरवर जायचे, आणि परत येताना शर्टाच्या बाहीवर हळदीचा डाग असायचा. घरी मालू होती. मालती, त्यांची बहीण. वयाने पन्नाशीला टेकलेली, बुद्धीने सात-आठ वर्षांची, आणि लहानपणापासून फिट्स. आई गेल्यापासून दोघंच.

देशकरांचं सगळं संगणकशास्त्र मला त्यांच्या स्वयंपाकघरात समजलं, हे मी कोणाला सांगितलं तर हसतील. हसू देत.

झालं असं, की आमच्याकडे जावा भाषा नवीन आली होती आणि तिच्यात 'जेनेरिक' नावाची सोय निघाली होती. सोय अशी की माहिती ठेवायचा डबा एकदाच लिहायचा. नावापुढे नुसतं 'टी' लिहून जागा सोडायची. मग वापरताना त्या टीच्या जागी सांगायचं, हा कामगारांचा डबा, हा औषधांचा डबा. कामगारांच्या डब्यात कोणी औषध टाकायला गेलं की तपासनीस लगेच पकडतो. आम्ही खूश. पण मेख अशी, की डब्यावरची ही चिठ्ठी फक्त तपासनिसाला दिसते. प्रोग्राम चालू झाला की चिठ्ठी पुसून जाते आणि फळीवरचे सगळे डबे एकसारखे होतात. चालू प्रोग्राममध्ये डब्याला विचारा, बाबा रे, तुझ्यात काय ठेवायचं ठरलं होतं? तो म्हणतो, ठाऊक नाही. तुझ्यात बसेल अशी एक नवी वस्तू घडवून दे? तेही येत नाही. मला हे काही केल्या उमगेना.

"आज संध्याकाळी घरी या," देशकर म्हणाले. "मालूच्या हातचा चहा घ्या."

गेले. मालूताईंनी दारातच विचारलं, "जेवून जाल?" हा त्यांचा सगळ्यांना प्रश्न. दूधवाल्यालासुद्धा. आत फळीवर स्टीलच्या डब्यांची रांग, सगळे एकाच मापाचे. आणि प्रत्येक झाकणावर डिंकाने चिकटवलेले दोन-चार दाणे. तुरीच्या डब्यावर तूर, मुगावर मूग, तांदळावर तांदूळ.

"मालूला वाचता येत नाही ना जी," देशकर म्हणाले. "चिठ्ठी लावून काय उपयोग? चिठ्ठी वाचणाऱ्यालाच दिसते. म्हणून नमुनाच सोबत दिला. डबा कुठेही जावो, नमुना त्याच्यासंगं जातो."

"आणि मीठ-साखर?"

"चाखते," मालूताई आतून ओरडल्या आणि खदखदून हसल्या.

तेच काम त्यांनी प्रोग्राममध्ये केलं होतं. डबा बनवतानाच त्याच्या हाती एक नमुना द्यायचा. पुढे काहीही आत टाकायचं झालं तर डबा आधी नमुन्याशी जुळवून बघणार आणि जुळलं नाही तर तिथल्या तिथे नकार देणार. नवी वस्तू घडवायची असली तरी नमुन्यावरून घडवता येते. भाषेने जे दिलं नव्हतं ते त्यांनी असं बाजूने मिळवलं. आता यात लिहायचं काम वाढतं, हे उघड आहे. आमच्यातला साहू, सोनागिरीत राहणारा, हाताचा वेगवान आणि तोंडाचाही, रोज कुरकुरायचा, "सर, दो लाइन का काम आप दस लाइन में करवाते हो." देशकर म्हणायचे, "हौ. ग्यारह भी लगी तो करवाऊंगा."

याला कारण होता एक सोमवार.

कारखान्याच्या इस्पितळात कर्मचाऱ्यांना, निवृत्तांना आणि त्यांच्या घरच्यांना कार्डावर औषधं मिळतात. त्या कार्डांचा प्रोग्राम आमचा, म्हणजे देशकरांनी मांडलेला. वर श्रीवास्तव साहेब होते, त्यांना वरच्या साहेबांची तपासणी व्हायच्या आत सगळं चालू करून हवं होतं. त्यांनी कंत्राटावर दोन मुलं आणली आणि म्हणाले, "ये पीली-पीली लाइनें दबा दो." इशारे दाबायचीही एक ओळ असते. ती घातली की तपासनीस पुटपुटणंसुद्धा बंद करतो. मुलांनी ती घातली. सगळं छान चाललं. मग त्या सोमवारी सकाळी इस्पितळाच्या खिडकीवरचा पडदा थिजला. कुठल्या तरी डब्यात नको ते कधीचंच जाऊन बसलं होतं. आत जाताना कोणी हटकलं नाही, बाहेर काढताना प्रोग्राम कोसळला. खिडकीशी ही एवढी रांग. म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या बायका, एक निवृत्त वेल्डर इन्सुलिनसाठी आलेला. मग तो तिथेच खाली बसला आणि लवंडला. वाचला तो. पण देशकरांनी ते पाहिलं होतं, कारण दुरुस्तीला खिडकीवर तेच गेले होते. पडदा चालू झाल्यावर ते रांगेतल्या एकेकाला सांगत गेले, "गलती मेरी है, माफ करना." चूक त्यांची नव्हती. श्रीवास्तव साहेब पंख्याखाली बसून होते.

त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रोग्राम तुकड्या-तुकड्याने उसवून पुन्हा विणायला घेतला. प्रत्येक डब्याला नमुना. जुने भाग होते तसे बरेच राहिले होते, त्यांच्यावर रोज थोडं काम चालायचं.

आता खरी गोष्ट. मालूताईंना कार्ड नव्हतं.

कारखान्याच्या नियमात आश्रित म्हणजे नवरा किंवा बायको, मुलं आणि आईवडील. बहीण नाही. सख्खी असो, अपंग असो, तिला जगात दुसरं कोणी नसो. देशकर वर्षानुवर्षं कार्मिक विभागाला अर्ज करत होते आणि उत्तर एकच यायचं, 'विचाराधीन'. हा शब्द ज्याने काढला त्याला मी भेटले तर दोन शब्द सुनावीन. फिट आली की इस्पितळात सुई टोचून द्यायचे, तेवढी माणुसकी होती. पण दाखल करायचं तर कार्ड लागे. नाही तर रवानगी शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात, आणि ते आमच्याकडून चांगलंच लांब.

गंमत बघा. गंमत कसली, कप्पाळ. कार्डांचा तो प्रोग्राम ज्याने लिहिला त्याच्याच बहिणीला त्यात जागा नव्हती. आश्रितांच्या डब्याला त्यांनीच हद्द घातलेली, यात फक्त या तीन नात्यांची माणसं बसतील. नियमच तसा होता. पण बाजूला त्यांनी 'बहीण' हा चौथा प्रकारही लिहून, तपासून, तयार ठेवला होता. नुसता जोडलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "दार करून ठेवलं बाई. उघडायचं काम साहेब लोकांचं. हुकूम आला की एका ओळीचं काम."

हुकूम येत नव्हता आणि मालूताईंच्या फिट्स वाढत चालल्या होत्या. एकदा चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ पडल्या, हात भाजला. तेव्हा साहूचा धीर सुटला.

त्याने काय केलं, तर देशकरांची ती तयार 'बहीण' उचलली आणि जुन्या, नमुना नसलेल्या भागातून मुलांच्या डब्यात सरकवून दिली. चिठ्ठी 'मुलगी', आत बहीण. तपासनीस एक पिवळी ओळ पुटपुटला, बाकी काही नाही. कार्ड छापून निघालं. मालती, नाते मुलगी, शेजारी फोटो. साहूने ते प्लास्टिकमध्ये घालून, निळ्या फितीला लावून थेट क्वार्टरवर नेऊन दिलं. टाउनशिपमधल्या शाळेची पोरं गळ्यात कार्ड घालून जातात, ते मालूताई रोज फाटकातून बघायच्या. त्यांनी ते गळ्यात घातलं ते काढीचनात. आंघोळीलासुद्धा.

घरी तिच्या गळ्यात ते पाहून देशकरांनी दुसऱ्या दिवशी पोथी वाचली. ती ओळ त्यांना दिसली. चहा गार झाला. मग साहूला हाक मारली.

"ये तुमने किया?"

"सर, एक एंट्री से क्या होगा? सबके भाई-भतीजे चढ़े हुए हैं. दीदी का तो हक है."

"हक है," देशकर म्हणाले. "वो सोमवार भूल गए?"

मी मध्ये पडले. मी म्हणाले, "देशकर साहेब, चोरून नको ना? मग नीटच घाला. मुलगी म्हणून घाला, जन्मतारीख बदलून घाला, काही कोसळायचं नाही. तुमच्याच हातात आहे सगळं."

त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "आई जाताना म्हणाली, बहिणीला सांभाळजो. मुलगी लिहिली तर आईची पोरगीच पुसली ना जी."

"आईला चाललं असतं! तिला पोरगी जिवंत हवी असेल का नाव बरोबर हवं असेल?" माझा आवाज चढला होता. सगळा विभाग बघत होता.

"आणि साहूची आहे ती एंट्री तशी ठेवली, तर उद्या खिडकीवर कोसळेल. मालूचं नाव निघालं की पडदा बंद. तिच्यामागं कोण उभं असेल, तुम्ही सांगा." ते एवढंच बोलले आणि ओळ काढून टाकली.

मला राग आला. आजही येतो. बरोबर असलेल्या माणसाचा जितका राग येतो तितका चुकलेल्याचा येत नाही.

संध्याकाळी मी आणि साहू त्यांच्या घरी गेलो. साहूला माफी मागायची होती, मला भांडण पुरं करायचं होतं. मालूताई दारात, गळ्यात कार्ड. "जेवून जाल?"

देशकर त्यांच्यासमोर पाटावर बसले. "मालू, हे परत द्यायचं आहे."

"काहून?"

"चुकीचं लिहिलं त्याच्यावर."

"काय लिहिलं?"

"मुलगी."

मालूताईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नव्हतंच. "मी कोण?"

"बहीण."

त्यांनी विचार केला. मग फीत डोक्यावरून काढली, केसांत अडकली ती स्वतःच सोडवली, आणि कार्ड भावाच्या हातात दिलं. "मग बहीण लिहून आण."

"आणतो," देशकर म्हणाले.

साहू उठून बाहेर गेला. मी भांडले नाही. जेवून मात्र आले, कारण त्यांनी ताट मांडलं होतं.

देशकरांनी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी स्वतः कार्मिकच्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. हा माणूस कधी कोणाच्या केबिनबाहेर उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. आता रोज जेवणाच्या सुट्टीत घरून परतताना तिथे थांबायचे. शिपाई त्यांना ओळखायला लागला. "फाइल ऊपर गई है," तो सांगायचा. देशकर मान हलवून जागेवर यायचे आणि कामाला लागायचे. साहू आता न सांगता दहा ओळी लिहायचा.

थंडीत एका दुपारी जेवणाच्या भोंग्यानंतर ते परत आले नाहीत. शेजारच्या बाईंचा फोन आला. मालूताईंना फिट आली होती आणि ती थांबतच नव्हती. एक सरली की दुसरी. कारखान्याच्या इस्पितळात सुई दिली, गाडीही दिली. दाखल मात्र करता आलं नाही. तिथला डॉक्टर भला होता, मोठ्या साहेबांना फोन लावत राहिला, ते मीटिंगमध्ये होते. तोवर गाडी शहराकडे निघालीसुद्धा. देशकर मागे बसले होते, मांडीवर तिचं डोकं. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. ते बंद होतं.

मी आणि साहू पोहोचलो तेव्हा व्हरांड्यात देशकर उभे होते. तिचं स्वेटर त्यांच्या हातात होतं. "गेली जी," ते म्हणाले. एवढंच. साहू तिथे फरशीवर बसून लहान पोरासारखा रडला, आणि देशकर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

नंतर टाउनशिपमध्ये जे बोललं गेलं ते मी लिहीत नाही. लोकांना जीभ असते. एक ओळ राहू दिली असती तर, हे तर भाजीवाल्यानेसुद्धा म्हटलं. मी आमच्या इस्पितळातल्या त्या डॉक्टरांना गाठून विचारलं, इथेच ठेवलं असतं तर वाचल्या असत्या का. ते म्हणाले, "कह नहीं सकते, मैडम. पर कोशिश तो होती." या वाक्याचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही. देशकरांना मी ते कधी सांगितलं नाही. त्यांनीही डॉक्टरांना विचारलं असणारच.

तेराव्यानंतर ते कामावर आले. जेवणाच्या भोंग्याला जागेवरच बसून राहायचे. मी डबा पुढे केला तर दोन घास खायचे, चांगला झाला म्हणायचे, आणि काय खाल्लं हे त्यांना ठाऊक नसायचं. निवृत्ती तोंडावर होती. क्वार्टर सोडून अयोध्या नगरात एक खोली बघितली होती. एकच खोली, कारण दुसरी कोणासाठी?

आणि शेवटच्या आठवड्यात हुकूम आला. विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, आला. पूर्णपणे अवलंबून असलेली अविवाहित अपंग बहीण यापुढे आश्रित मानली जाईल. त्यांच्याच अर्जावरून. कागद श्रीवास्तव साहेब स्वतः घेऊन आले. "देशकरजी, साहू कर देगा. आप रहने दीजिए."

"कोड मेरा है साहब," देशकर म्हणाले.

मी शेजारच्या टेबलाशी होते. त्यांनी ती एक ओळ लिहिली. तपासनीस काही बोलला नाही, ना लाल, ना पिवळं. मग चालवून बघायला हवं होतं. चाचणीला आम्ही सगळे काहीही नाव टाकतो, अबक, कखग. देशकरांनी कर्मचारी म्हणून स्वतःचा क्रमांक घातला. आश्रिताचं नाव, मालती देशकर. नातं, बहीण. पडद्यावर उमटलं, 'नोंद स्वीकारली. कार्ड छापायचे?'

मला राहवेना. मी म्हणाले, "छापा, देशकर साहेब."

त्यांनी मान हलवली. "चाचणी आहे बाई. चाचणीची नोंद ठेवत नाहीत."

त्यांनी ती नोंद काढायला घेतली. आश्रिताला काढायचं तर प्रोग्राम कारण विचारतो, आणि कारण निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ती अटही त्यांचीच होती. पडद्यावर तीन कारणं आली. विवाह, नोकरी, मृत्यू. 'चाचणी' हे कारण ठेवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

त्यांनी तिसरं निवडलं. नोंद गेली. मग खुर्ची मागे सारून त्यांनी साहूला हाक मारली.

"हो गया. चालू कर दो."